खरवडलेली लेबलं

शंकेखोर: जुन्या रेगेच्या आठवणी काढायच्या म्हणजे नेमक्या कशाच्या, ते आधी ठरवू या. बॉब मार्ली ११ मे १९८१ रोजी गेला, वय अवघं छत्तीस. १९८४ मध्ये ‘लेजंड’ नावाचा चौदा गाण्यांचा संग्रह निघाला. गाणी लंडनच्या रेकॉर्ड कंपनीने निवडली आणि निवडताना गोऱ्या मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाच्या कानाला काय टोचेल याचा हिशोब आधी मांडला. त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. आज हणजूणच्या शॅकमध्ये किंवा पुण्यातल्या कॅफेत ‘जुनं रेगे’ म्हणून जे कानावर पडतं, ते बहुतेक त्या चौदांतलंच असतं. तुम्ही याला स्मरण म्हणता. मी म्हणतो, ही दुसऱ्याने आपल्यासाठी केलेली खरेदी आहे. ज्या माणसाने गुलामगिरीचा जाब विचारला, त्याचा चेहरा आता समुद्रकिनाऱ्यावरच्या टॉवेलवर येतो. असलं स्मरण नसलेलंच बरं.

संग्राहक: टॉवेल मलाही नको. पण मार्लीच्या प्रसिद्धीचा राग तुम्ही बाकीच्यांवर का काढता? जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तिथली लोकसंख्या जेमतेम सोळा-सतरा लाख होती. एवढ्याशा बेटाने त्या सुमारापासून पंचवीसेक वर्षांत स्का, रॉकस्टेडी, रेगे, डब आणि डान्सहॉल असे एकामागून एक पाच प्रकार जगाला दिले. त्यातले गायक ऐका. आल्टन एलिसच्या आवाजात एक विनवणी आहे, पण ती लाचार होत नाही. डेनिस ब्राउन बारा-तेरा वर्षांचा असताना स्टुडिओत उभा राहिला आणि तेव्हाच पोक्त गायला. ग्रेगरी आयझॅक्स ‘नाइट नर्स’मध्ये आवाज चढवतच नाही, तो जवळजवळ कुजबुजतो आणि तरी खालचा बेस त्याच्यावर कुरघोडी करू शकत नाही. मार्शिया ग्रिफिथ्स १९६८ मध्ये ‘फील लाइक जंपिंग’ गायली आणि तिचा आवाज पुढेही कित्येक दशकं तसाच ताजा राहिला. यांच्यापैकी कुणाचंही स्वतःचं गाणं त्या चौदांत नाही. म्हणून तर त्यांची आठवण मुद्दाम काढायची.

आणि हे संगीत जन्मलं कुठे, तेही बघा. किंग्स्टनमध्ये पन्नासच्या दशकात साउंड सिस्टिम होत्या. उघड्या अंगणात कपाटाएवढे स्पीकर रचायचे, अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या लावायच्या, दारात तिकीट आणि आत दारू विकायची. क्लेमेंट डॉड, ज्याला सगळे कॉक्सन म्हणायचे, आणि माजी पोलीस ड्यूक रीड हे त्यातले बडे. अमेरिकेतल्या तबकड्या कमी पडू लागल्या तेव्हा यांनी स्वतःच गाणी मुद्रित करायला सुरुवात केली. डॉडने १९६३ मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ वन उघडला. तिथे वाजवायला आले ते बरेचसे अल्फा बॉइज स्कूलचे विद्यार्थी. कॅथलिक नन्सनी चालवलेली ही शाळा अनाथ आणि ‘वाया गेलेल्या’ मुलांची. तिथल्या सिस्टर मेरी इग्नेशियस मुलांना बँड शिकवायच्या आणि त्यांच्यासाठी स्वतः तबकड्या लावायच्या. स्कॅटलाइट्स या बँडचे चार आधारस्तंभ याच शाळेचे, त्यात ट्रॉम्बोन वाजवणारा डॉन ड्रमंडही. तो १९६९ मध्ये मनोरुग्णालयात मेला. हे सगळं विसरायचं, असं तुमचं म्हणणं आहे?

शंकेखोर: साउंड सिस्टिमचा विषय तुम्हीच काढलात ते बरं झालं. आता त्या अंगणात काय व्हायचं तेही सांगा. अमेरिकेतून तबकडी आली की डॉड आणि त्याचे स्पर्धक पहिलं काम काय करायचे? तिच्यावरचं लेबल खरवडून टाकायचे! गायक कोण, गाणं कुठलं, हे समोरच्या साउंडवाल्याला कळू नये म्हणून. डॉडचं ओळखीचं वाद्यगीत ‘कॉक्सन हॉप’ नावाने गाजलं. ते मुळात विलिस जॅक्सन नावाच्या अमेरिकी सॅक्सोफोनवाल्याचं होतं. ड्यूक रीडला मूळ तबकडी सापडली आणि त्याने ती जाहीर वाजवली तेव्हा मोठी खळबळ माजली. म्हणजे ज्या परंपरेत तुम्ही नावं आठवायला सांगता, तिचा धंदाच नावं पुसण्यावर उभा होता. पुढे डॉडने स्वतःचे गायक मुद्रित केले तेव्हाही सवय सुटली नाही. किंग्स्टनमध्ये गायकाला गाण्यामागे एकरकमी पैसे मिळायचे, आणि तेही थोडे. पुढचं उत्पन्न निर्मात्याचं. वादकांचं तर नावही तबकडीवर येईलच असं नाही. आता पन्नास वर्षांनी आपण हळवे होऊन ‘वा, काय गायक होते’ म्हणायचं. हे त्यांना तेव्हा पैसे न देणाऱ्यांच्या पाठोपाठ चालण्यासारखं आहे, फक्त हातात हार घेऊन.

संग्राहक: लेबलं खरवडली हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्याच वागण्यातून असं काही निघालं की जे नावं जपणाऱ्यांना कधी सुचलं नसतं. एक उदाहरण सांगतो. आल्टन एलिसने १९६७ मध्ये स्टुडिओ वनसाठी ‘आय ॲम स्टिल इन लव्ह विथ यू’ गायलं. दहा वर्षांनी जो गिब्ज या निर्मात्याने त्याच चालीचा ठेका नव्याने वाजवून घेतला. त्यावर मार्शिया एटकिन गायली. त्यावरच ट्रिनिटी नावाच्या डीजेने आपल्या थ्री-पीस सुटाची फुशारकी मारली. (जमैकात डीजे म्हणजे माइक धरून लयीत बोलणारा, तबकड्या लावणारा तो सिलेक्टर.) मग अल्थिया आणि डॉना या दोन शाळकरी मुलींनी त्या सुटाला उत्तर म्हणून ‘अपटाउन टॉप रँकिंग’ म्हटलं आणि ते १९७८ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. नव्या शतकात शॉन पॉलने साशाबरोबर पुन्हा तेच गाणं घेतलं आणि ते साऱ्या जगात वाजलं. आल्टन एलिस २००८ मध्ये लंडनमध्ये गेला. ज्यांनी त्याचं नाव कधी ऐकलं नाही, त्यांनीही त्याची चाल गुणगुणली आहे.

याला जमैकात रिडिम म्हणतात. एक बेस, एक ठेका, आणि त्यावर कितीही गाणी. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. भीमजयंतीच्या आधी सिनेमाच्या चालीवर नवी गीतं रचली जातात. ती चाल कुणाची, यावरून तिथे कुणी अडवत नाही. तू त्यावर काय म्हणतोस ते विचारतात. रिडिमचं तेच. साउंड डायमेन्शनने १९६७ मध्ये वाजवलेल्या ‘रिअल रॉक’वर किती गाणी झाली याची मोजदाद करणारेही थकले.

शंकेखोर: पण जयंतीचं गीत रचणाऱ्याला जयंतीच हवी असते. इथे रेकॉर्ड विकली जाते. फरक तिथेच पडतो.

संग्राहक: पडतो. मग पुढे ऐका. तबकडीच्या मागच्या बाजूला गायकाचा आवाज काढून नुसता ठेका द्यायची रीत साठच्या दशकाच्या शेवटी पडली. तिला व्हर्जन म्हणत. किंग टबी हा रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. त्याने वॉटरहाउसमधल्या आपल्या छोट्या खोलीत त्या व्हर्जनचे आणखी तुकडे केले: ड्रम तेवढे ठेवले, गायकाचा एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून दिला, मग सगळं एकदम गप्प, आणि नुसता बेस. गाणं गेलं आणि त्याची सावली उरली. तिला डब म्हणू लागले. टबीच्या साउंडवर यू-रॉय बोलायचा. १९७० मध्ये त्याने ड्यूक रीडच्या जुन्या रॉकस्टेडी मुद्रणांवर बोलून ‘वेक द टाउन’ वगैरे तबकड्या काढल्या आणि एकाच वेळी त्याची तीन गाणी जमैकाच्या यादीच्या डोक्यावर होती. पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये कूल हर्क या किंग्स्टनहून आलेल्या मुलाने अंगणातली ही पद्धत नेली आणि तिथून हिप-हॉप निघालं. तुमच्या हिशोबाने बघितलं तर यू-रॉय दुसऱ्यांच्या गाण्यांवर बडबड करणारा माणूस. माझ्या हिशोबाने त्याने त्या गाण्यांना दुसरा जन्म दिला.

शंकेखोर: मग सिस्टर नॅन्सीचं काय? तुमच्या ‘दुसऱ्या जन्मा’चं बिल कुणी भरलं ते तिच्या गोष्टीत दिसतं. डीजे म्हणजे पुरुषच, अशा काळात ही मुलगी माइकसमोर उभी राहिली. १९८२ मध्ये विन्स्टन रायलीच्या ‘स्टॅलग’ रिडिमवर तिने ‘बॅम बॅम’ म्हटलं. ते तिच्या अल्बममधलं एक गाणं होतं, जमैकात फारसं गाजलंही नाही. ती अमेरिकेत गेली, न्यू जर्सीत बँकेत नोकरी करत राहिली. तोवर गाणं सिनेमात वाजलं, जाहिरातीत वाजलं. जगातले मोठमोठे रॅपर त्याचे तुकडे कापून वापरू लागले. २०१४ मध्ये ते बुटांच्या जाहिरातीत ऐकल्यावर तिने वकील गाठला. तेव्हा कुठे थकबाकीतला काही भाग आणि पुढच्या हक्कांत वाटा तिला मिळाला. तीसेक वर्षं जगाने तिची आठवण काढली, रोज काढली, नाचून काढली. तिच्या खात्यावर काही जमा झालं नाही. आता सांगा, आठवण काढणं म्हणजे नेमकं काय केलं?

संग्राहक: तिच्या बाबतीत अन्याय झाला, त्यावर वाद नाही. पण धागा थोडा आणखी ओढून बघा. ‘स्टॅलग’ नॅन्सीचा नव्हता. तो १९७३ चा, अँसेल कॉलिन्सने की-बोर्डवर वाजवलेला. आणि ‘बॅम बॅम’ हा उच्चारही तिचा नव्हता. १९६६ मध्ये टूट्स हिबर्ट आणि मेटल्सनी त्याच नावाच्या गाण्यावर जमैकाच्या स्वातंत्र्य महोत्सवातली गाण्यांची स्पर्धा जिंकली होती. म्हणजे जिला आपण लुटलं गेलं म्हणतो, तिनेही दोघांचं उचललं होतं. ते उचललं नसतं तर ते गाणंच झालं नसतं. तिला ज्या नियमाने पैसे मिळायला हवेत, तोच नियम १९८२ मध्ये कडक लागू असता तर?

शंकेखोर: हा प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या आडून तुम्ही सुटू नका. परत येतो. आधी ‘वारसा’ या शब्दाकडे वळू. नोव्हेंबर २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. जमैकात फेब्रुवारी हा रेगेचा महिना म्हणून साजरा होतो, मार्ली आणि डेनिस ब्राउन दोघांचे जन्म त्याच महिन्यातले. छान. पण ज्या रास्ताफारी पंथाच्या, म्हणजे रास्ता लोकांच्या, विचारावर हे संगीत पोसलं, त्यांचं काय झालं होतं? १९६३ मध्ये, स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा कोरल गार्डन्समधल्या चकमकीनंतर पोलिसांनी रास्तांना पकडून मारलं, डांबलं, त्यांच्या जटा कापल्या. सरकारने माफी मागितली ती २०१७ मध्ये. पुढच्याच वर्षी युनेस्कोचा सन्मान. राज्यकर्त्यांना आठवण सोयीची होते तेव्हाच वारसा होतो.

संग्राहक: मान्य. पण राज्याने उशिरा केलं म्हणून श्रोत्याने करायचंच नाही, हे कुठलं शहाणपण? उलट कागदावर न बसणारी नावं श्रोत्यानेच धरून ठेवली. आपल्याकडचा एक धागा सांगतो, फार नाही. १८४५ पासून भारतातून करारावर मजूर जमैकात नेले गेले. बहुतेक उत्तरेकडचे, आपल्या मुलखातले नव्हेत. त्यांच्या वंशातला सुपर कॅट ऐंशीच्या दशकात डान्सहॉलचा मोठा डीजे झाला. त्याच्या ‘वाइल्ड अपाची’ या बिरुदावरून बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधल्या एका पंजाबी मुलाने अपाची इंडियन हे नाव घेतलं आणि १९९३ मध्ये आपल्याकडच्या पोरांनी डान्सहॉल पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्या तोंडून. २०१६ पासून गोव्यात सनस्प्लॅश नावाचा रेगे महोत्सव भरू लागला, तिथे साउंड सिस्टिमच उभी करतात. हे काही सरकारने केलेलं नाही.

शंकेखोर: आणि त्या पोरांपैकी सुपर कॅटचं नाव कितींना ठाऊक होतं? लेबल इथेही खरवडलेलंच आलं! असो. आता डान्सहॉल. मला सांगा, १९८५ नंतर आठवण्यासारखं उरलं काय? वेन स्मिथच्या ‘अंडर मी स्लेंग टेंग’चा ठेका कॅसिओच्या एमटी-४० या खेळण्यासारख्या की-बोर्डवर आयताच भरलेला होता. बटण दाबलं, वेग कमी केला, झाला रिडिम. किंग जॅमी या निर्मात्याने तो अंगणात लावला आणि अल्फा शाळेच्या परंपरेतल्या ड्रमर-बेसवाल्यांच्या पोटावर पाय आला.

संग्राहक: पोटावर पाय आला, हे खोटं नाही. पण तुम्ही ‘आयता’ म्हणता तो ठेका कुणी भरला होता? कॅसिओत १९८० मध्ये नोकरीला लागलेल्या ओकुदा हिरोको या तरुणीने. तिने विद्यापीठात प्रबंध लिहिला होता तो रेगेवर. म्हणजे टोकियोतल्या एका श्रोतीने किंग्स्टनची आठवण यंत्रात ठेवली आणि ती किंग्स्टनने परत उचलून घेतली. ज्याला तुम्ही परंपरेचा शेवट म्हणता, तो मला तिचा सर्वांत चोख व्यवहार वाटतो.

आणि माणसं म्हणाल तर यलोमॅन घ्या. जन्मतः कातडीत रंग नाही. जमैकात अशा माणसाची हेटाळणी होते. लहानपणी टाकून दिलेला, अनाथाश्रमांत वाढलेला, अल्फा शाळेतही होता. तो माइकसमोर उभा राहून सांगतो की, बायका माझ्यावर मरतात. लोक हसतात, मग नाचतात, मग खरंच त्याला राजा म्हणतात. त्याची गाणी चावट आहेत. असतील! ज्या देहाला समाजाने किळसवाणं ठरवलं, त्या देहाच्या तोंडी चावटपणा आला की त्याचा अर्थ निराळा होतो. मार्लीच्या गाण्यांतली मुक्ती मोठी आहे, ही छोटी आहे. पण मला ती कमी खरी वाटत नाही.

शंकेखोर: यलोमॅन मी तुम्हाला दिला. डान्सहॉलचाच डीजे बुजू बँटन द्याल का मला? १९९२ मध्ये त्याचं ‘बूम बाय बाय’ आलं. समलिंगी पुरुषांना गोळ्या घाला, असं ते गाणं सरळ सांगतं. मुद्रित केलं तेव्हा तो कोवळ्या वयाचा होता, हे मी ऐकून आहे. पण जून २००४ मध्ये ब्रायन विल्यमसन हा जमैकातला समलिंगींच्या हक्कांसाठी उघडपणे उभा राहिलेला कार्यकर्ता किंग्स्टनमध्ये आपल्या घरी मारला गेला, तेव्हा बाहेर जमलेल्यांपैकी काहींनी हेच गाणं म्हटलं. ह्यूमन राइट्स वॉचच्या प्रतिनिधीने ते स्वतः पाहून नोंदवलं आहे. तुमचं आवडतं तत्त्व असं की गाणं गायकापासून सुटतं आणि लोकांचं होतं. हे गाणं तसंच लोकांचं झालं. आता ते कुणाच्या नावावर मांडायचं?

संग्राहक: बँटनच्या. २०१९ मध्ये त्याने ते आपल्या गाण्यांच्या यादीतून काढून टाकलं आणि पुन्हा म्हणणार नाही असं जाहीर केलं. १९९५ चा ‘टिल शायलो’ मी आजही ऐकतो, तो मोठा अल्बम आहे. पण ‘बूम बाय बाय’चा ठेका माझ्या पायाला ओळखीचा आहे आणि ते मला सुखाचं नाही. माझ्या संग्रहात ती तबकडी आहे. मी ती लावत नाही आणि फेकतही नाही. फेकली तर डान्सहॉलची माझी गोष्ट स्वच्छ होईल, म्हणजे खोटी होईल. लावली तर ज्यांच्यावर ती रोखलेली होती, त्यांच्यावर पुन्हा रोखली जाईल. यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

शंकेखोर: मला त्यातलं पहिलं वाक्य महत्त्वाचं वाटतं: ‘बँटनच्या.’ दोष मांडायचा असेल तेव्हा तुम्हाला नाव लगेच सापडलं. श्रेय आणि पैसे द्यायचे असतात तेव्हा मात्र रिडिम सगळ्यांचा असतो. हा दुटप्पीपणा तुमचा एकट्याचा नाही, या संगीतावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांचा आहे.

संग्राहक: लागलं ते. पण आता तुम्ही टाळलेल्या प्रश्नाकडे या. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने १९८९ मध्ये ‘फिश मार्केट’ नावाचा वाद्यठेका बनवला. शॅबा रँक्सच्या ‘डेम बो’ची लय त्यातून आली आणि ती पनामा, न्यूयॉर्क, प्वेर्तो रिको असा प्रवास करत रेगेटॉन या लॅटिन संगीतप्रकाराचा कणा झाली. २०२१ मध्ये त्यांच्या बाजूने अमेरिकेत दावा दाखल झाला. पुढे तो वाढत दीड हजारांहून अधिक गाण्यांवर गेला. न्यायालयाने त्यांची बाजू घेतली तर तुमच्या मनासारखं होईल. पण मग ठेक्यालाही मालक असतो, हे ठरेल. तसं १९७० मध्ये ठरलेलं असतं तर यू-रॉय गप्प बसला असता. नॅन्सीला स्टुडिओच्या दारातूनच परत पाठवलं असतं. आल्टन एलिसची चाल १९६७ मध्येच थांबली असती. ज्यांच्याकडे वकील आहेत त्यांचेच ठेके उरले असते, आणि किंग्स्टनच्या अंगणात वकील कुणाकडे होता? नाव आणि पैसा मिळावा असा कायदा करा, मी सही करतो. पण तो कायदा उचलण्याची मुभाही ठेवेल, हे कसं करायचं ते सांगा.

शंकेखोर: सांगता येत नाही. ठेका मोकळा हवा आणि वाजवणारा उपाशी नको, या दोन्ही गोष्टी मला हव्यात, आणि एकीचा नियम दुसरीच्या मुळावर येतो, एवढं मला आज पटलं. तरी तुमच्या वकिलांच्या भीतीने मी पूर्ण हलत नाही. सध्याची मोकळीक गरिबाला मिळत नाहीये. ती ज्यांच्याकडे वितरण आहे, मोठे स्टुडिओ आहेत, त्यांना मिळते आहे. यू-रॉयने शेजारच्या गल्लीतून घेतलं. रेगेटॉनवाल्यांनी दुसऱ्या देशातून घेतलं आणि अब्जावधी वेळा वाजवलं. दोघांना एकच माप लावायचं का, हा वाद न्यायालयात संपणारा नाही. आणि तो ज्या दोघांच्या नावाने चालला आहे त्यातल्या एकाला त्याचा उपयोगही नाही. स्टीली म्हणजे वायक्लिफ जॉन्सन, २००९ मध्येच गेला. दाव्यात त्याच्या जागी त्याचे वारस आहेत.